मंदारला पुढे पाठवून

अहो आई, मी तुमच्यावर रागावले आहे.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही. फोन वाजला की अजून वाटतं तुम्हीच असाल, आधी "काय केलं होतंस जेवायला" विचाराल आणि मग "बरी आहेस ना" विचाराल. तेव्हा माझ्या लेखी तुम्ही अजून रागावण्याच्या टप्प्यात आहात. बसा आणि ऐकून घ्या.

रागाचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही माझ्याकडून एक वचन घेतलंत. मुलाला न कळवता घेतलंत, त्याचं कारणही त्याला सांगायचं नाही असं बजावलंत, आणि एका सकाळी झोपेतच निघून गेलात. मी वचन पाळलं. तेव्हापासून कालपर्यंत तुमचा मंदार माझ्याशी कामापुरतं बोलत होता. कचऱ्याची पिवळी पिशवी आज खाली ठेवायची का, ईशाच्या शाळेत एल्टर्नआबेंडला, पालकसभेला, कोण जाणार, दूध संपलंय. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडण असतं तर मी निभावून नेलं असतं, त्यात मला सराव आहे. हे गप्प बसणं मात्र तुमच्या घराण्याचं, आणि ते मला कधीच जमलं नाही.

तुमच्या दिरांनी, भाऊकाकांनी, तुमचा फोटो मोठा करून गावच्या घरी ओटीवर लावलाय म्हणे. व्हिसासाठी काढलेला, दोन्ही कान दिसणारा. आत्ताच काहीतरी कबूल करून उठल्यासारखा चेहरा. तुम्ही बघितलात तर पहिल्यांदा तोच उतरवाल. माझ्याकडे तुमचा दुसरा एक फोटो आहे, पिवळ्या हेल्मेटमधला, कपाळावरून पाणी निथळणारा. तो मी कुणाला दाखवलेला नाही. दाखवला तर तो कुठला ते सांगावं लागेल, आणि मग पुढचं सगळंच.

तर तिथलंच लिहिते. मंदार ऑफिसला गेलाय, ईशा शाळेत, बाहेर तुम्ही ज्याला रडका पाऊस म्हणायचात तो हॅम्बर्गचा पाऊस. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तुमची खुर्ची होती, तिथे बसले आहे.

त्या वसंतात डीटरने जॉर्डनचा बेत काढला होता. डीटर म्हणजे मंदारच्या ऑफिसातला तो उंच, लाल कानांचा माणूस. आठवडाभर विमानांच्या पंखांची गणितं करायची आणि सुट्टी मिळाली की दोर घेऊन कुठल्यातरी दरीत उतरायचं, हा त्याचा संसार. तो सांगायचा, तिकडे वाळवंटात डोंगर उभे चिरत गेलेल्या घळी आहेत. इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील, आणि त्यांतल्या काहींतून बारा महिने पाणी वाहतं. त्या पाण्याबरोबर चालायचं, जिथे खोल असेल तिथे पोहायचं, धबधबा आला की दोराने उतरायचं, असं करत खालच्या तोंडाने बाहेर पडायचं. मंदार त्याच्याबरोबर आल्प्समधल्या अशा एक-दोन घळी उतरून आला होता. मला काही ही हौस नव्हती. मी डोंबिवलीची, पाणी म्हणजे सकाळी नळाला येतं ते. इथल्या श्विमहालेत, पोहण्याच्या तलावावर, मोठ्यांच्या वर्गात जाऊन कसंबसं तरंगायला शिकले होते, तेवढ्यावर मंदारने माझं नाव घातलं.

बाबा गेल्यानंतर तुम्ही पहिल्यांदाच आमच्याकडे आला होतात. तुम्हाला एकटीला हॅम्बर्गात कसं ठेवायचं म्हणून तुमचंही तिकीट काढलं. योजना सोपी होती. ईशा डीटरच्या बायकोबरोबर हॉटेलात राहील. तुम्ही आमच्याबरोबर पहिल्या धबधब्यापर्यंत याल, तिथवर पाणी घोट्याएवढंच आहे. मग तिथला वाटाड्या तुम्हाला परत गाडीपाशी नेईल आणि तुम्ही सावलीत बसून आमची वाट बघाल. ही योजना आम्ही जेवणाच्या टेबलावर, तुमच्यासमोर, तुम्हाला काहीही न विचारता केली. तुम्ही पोळीला तूप लावत ऐकून घेतलंत. तुम्ही हो म्हणाला नव्हतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, अशी माझी समजूत. आणि इथे पाण्याच्या कडेने गुलाबी कण्हेर फुललेली. तुम्ही तिच्यापाशी थांबलात, पानांवरची धूळ ओढणीने पुसलीत आणि म्हणालात, "हिला इथे कोण विचारतं?" प्रवासापुरता म्हणून मी तुमच्या गळ्यात मारलेला पंजाबी ड्रेस, पायात मंदारचे जुने बूट, हातात डब्याची पिशवी. दोन्ही बाजूंचे तांबडे कडे हळूहळू जवळ येत होते आणि आभाळाची पट्टी होत चालली होती. मी सारखी वर बघत होते. तुम्ही खाली, पाण्याकडे बघत होतात.

पहिल्या मोठ्या धबधब्यापाशी घळ एकदम तुटत होती. वर काळाशार डोह, त्यातून दोन दगडांच्या फटीतून पाणी निसटायचं आणि खाली पडायचं ते दिसायचंही नाही, नुसता आवाज. डीटरने नियम सांगितला. पहिल्यांदा मंदार उतरेल, मग मी, शेवटी तो. सगळे खाली पोचले की दोर ओढून घ्यायचा. दोर खाली आला की मागे फिरणं नाही, फक्त पुढे.

मंदार तुम्हाला म्हणाला, "आई, तू आता याच्याबरोबर परत जा. ऊन वाढेल."

"जाते रे. तू हो पुढे," तुम्ही म्हणालात. "तू खाली पोचल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही."

तो हेल्मेट घातलेल्या डोक्याने तुमच्या पाया पडला, कड्यावरून मागे झुकला आणि दिसेनासा झाला. दोर सैल पडला. डीटरने अंगठा वर करून दाखवला, पोचला म्हणून.

तुम्ही डब्याची पिशवी वाटाड्याच्या हातात दिलीत. चष्मा काढून माझ्या हातात दिलात. ओढणी कमरेला गुंडाळलीत आणि सरळ डोहात शिरलात. मी "आई" म्हणेपर्यंत तुम्ही पलीकडच्या भिंतीला हात लावून परत फिरला होतात. शिंतोडा नाही, धाप नाही. अंबाडासुद्धा भिजला नाही. आमच्या लग्नाला तोवर दहा-बारा वर्षं झाली होती आणि माझी सासू पोहते हे मला वाळवंटात कळलं.

"माझ्या माहेरी कृष्णेला डोह आहे," तुम्ही कडेला येऊन म्हणालात. "काकांनी पाठीला भोपळे बांधून शिकवलं आम्हा सगळ्या पोरींना. पुरातसुद्धा जायचो. मग त्याच नदीच्या खालच्या गावात दिलं मला. तिथे सुनांनी नदीवर जायचं ते धुणं घेऊन."

"मंदारला माहितीये हे?"

"त्याने कधी विचारलं?"

डीटर तोंड उघडं टाकून बघत होता. मग मला जर्मनमध्ये म्हणाला, "आल्झो, म्हणजे तुझ्यापेक्षा तर या पुष्कळ बऱ्या पोहतात." त्याने वाटाड्याकडचा जादा पट्टा, तरंगायचं जॅकेट आणि हेल्मेट मागून घेतलं. तुमच्या छातीला जॅकेट बांधलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. "याने भोपळा पुढून बांधलाय," म्हणालात.

मी तेव्हा नको म्हणायला हवं होतं, असं मंदार पुढे कितीतरी दिवस म्हणत होता. मला तसं वाटत नाही. तुम्हाला इतकं काहीतरी हवंसं वाटलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

उतरायला मात्र वेळ लागला. दोर ज्यात अडकवायचा ती दगडाला बांधलेली पट्टी उन्हाने चिरली होती. मंदार त्यावरूनच उतरला होता म्हणून डीटर आधी पांढराफटक पडला आणि मग मान खाली घालून ती बदलायला बसला. आपण दोघी कड्याजवळच्या दगडावर, वाहत्या पाण्यात पाय सोडून बसून होतो. मी पट्ट्याची बक्कलं पुन्हा पुन्हा तपासत होते. तुम्ही माझ्या मांडीवर हात ठेवलात. मला वाटलं धीर देताय.

"इथे मराठी कळणारं कुणी नाही," तुम्ही म्हणालात. "खाली त्याला ऐकू जायचं नाही. एक सांगते, नीट ऐक. दुसऱ्यांदा सांगायची नाही मी."

मग तुम्ही मला बाबांचं सांगितलंत. बाबा गेले तेव्हा फ्रँकफुर्टला बर्फ पडून विमानं अडकली होती आणि मंदार येईपर्यंत दोन रात्री त्यांना ठेवलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. ईशा लहान, म्हणून मी मागाहून आले. सगळ्यांनी कौतुकाने सांगितलं होतं, मुलगा पोचला, दर्शन झालं, बाबांनी वाट बघितली.

"त्यांनी कसली वाट बघायची," तुम्ही म्हणालात. "बर्फाच्या लाद्या आणून लावायचे. लादी वितळते ग. दिवसा घर भरलेलं असायचं, पण रात्री जो तो आपल्या घरी. पाणी पलंगाखालून निघून उंबऱ्याकडे यायला लागलं. सकाळी लोकं येणार, त्यांचे पाय त्यात पडायला नकोत, म्हणून मी पुसत बसले. फडकी संपली. टॉवेल संपले. मग कपाटातल्या साड्या काढल्या. एक भिजली की पिळायची, दुसरी घ्यायची. दुसऱ्या रात्री त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मंदार येणार म्हणून भाऊभावजींनी पावडर लावली त्यांना. मंदार आला आणि म्हणाला, बाबा झोपल्यासारखे दिसतात. मी म्हटलं, हो रे बाबा, झोपल्यासारखेच."

तुम्ही रडत नव्हतात. मी रडत होते, पण तिथे सगळंच ओलं होतं.

"मला ठेवायचं नाही," तुम्ही म्हणालात. "कुणासाठीही नाही. मंदारसाठी तर नाहीच. त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत."

"मग हे त्याला सांगा ना, आई."

"कारण विचारील. कारण सांगितलं तर बापाचं शेवटचं बघणं नासलं त्याचं. तेवढं एकच आहे त्याच्यापाशी. आणि कारण न सांगता सांगितलं तर ऐकायचा नाही, माझ्यासारखाच हट्टी आहे."

"आणि मी का?"

"तू माझ्या पोटची नाहीस. तुला जमेल."

आई, या वाक्याचं काय करायचं ते मला आजही नीट कळलेलं नाही. तेव्हा टोचलं. इतकी वर्षं लोणची पाठवलीत, बाळंतपण केलंत, तापात उशाशी बसलात, आणि शेवटी काय, पोटची नाहीस. पुढे कधीतरी, भांडी घासताना का कुठे, वाटलं की हा विश्वास असेल. रोज एकदा टोचतं आणि रोज एकदा बरं वाटतं. तुम्ही असतात तर विचारलं असतं, नक्की काय म्हणायचं होतं तुम्हाला. तुम्ही "दोन्ही" म्हणाला असतात आणि भाजी निवडायला घेतली असतीत.

मी हो म्हटलं. तुम्ही वाहत्या पाण्यातून ओंजळ भरून घेतलीत आणि माझ्या हातावर सोडलीत, दान देताना सोडतात तशी. "झालं," म्हणालात. "आता उतर. छाती दगडाकडे ठेव, आणि तोंडावर पाणी आलं तर भांडू नकोस त्याच्याशी."

तोंडावर पाणी आलंच. मी भांडलेही. कशी खाली पोचले ते सांगता येणार नाही. खाली मंदारने मला धरलं, बाजूच्या दगडावर बसवलं आणि डीटरची वाट बघत वर मान करून उभा राहिला. कड्यावर पिवळं हेल्मेट दिसलं. मग हेल्मेटखालून निसटलेला पांढरा केस. मंदार काहीतरी ओरडला, ते पाण्याने गिळलं. तो कमरेएवढ्या पाण्यात दोन्ही हात वर करून उभा होता, तुम्ही पडलात तर झेलणार असल्यासारखा. तुम्ही पायऱ्या उतराव्यात तशा शांतपणे येत राहिलात. पाण्याच्या जरा वर होतात तेव्हा दोर सोडलात आणि गुडघे पोटाशी घेऊन चक्क मुटका मारलात. मंदार नखशिखांत भिजला. तुम्ही वर आलात त्या हसतच. डीटरच्या त्या पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्यातला फोटो त्यानंतरचा आहे.

त्यापुढची घळ मला डोळे मिटले तरी दिसते. भिंती इतक्या जवळ की मंदारला खांदे तिरके करून जावं लागत होतं. पाणी कधी गुडघ्याएवढं, कधी गळ्याशी. एका ठिकाणी भिंतीतून ऊन पाण्याचा झरा येत होता, तिथे तुम्ही पाठ लावून उभ्या राहिलात आणि हलायला तयार नाही. वरून कुठूनतरी कण्हेरीचं फूल वाहत आलं. तुम्ही ते उचललंत, कपाळाला लावलंत, पुन्हा पाण्यात सोडलंत. मला खोल पाणी आलं की तुम्ही माझ्या जॅकेटचा पट्टा दातांत धरल्यासारखा घट्ट पकडायचात आणि ओढत न्यायचात. "पाय आपट नुसते, बाकी मी बघते." आयुष्यात कुणी मला इतक्या बेदरकारपणे सांभाळलेलं नाही.

मंदार सगळ्यांच्या पुढे चालत होता. रागाने लाल होता, मागे वळून बघत नव्हता, पण प्रत्येक खोल जागेपाशी थांबत होता.

बाहेर पडलो तेव्हा समोर लांबवर तो मृत समुद्र चमकत होता. हे पाणी त्यालाच जाऊन मिळतं, हे डीटरने सांगितलं. त्यात मासा जगत नाही, काही नाही. तुम्ही कितीतरी वेळ बघत होतात. "इतकं सगळं करून येते आणि जाते कुठे, तर तिथे," म्हणालात. "बिचारी." मग ओंजळभर पाणी प्यायलात. "पण इथवर गोड आहे."

गाडीत मंदारने तोंड उघडलं ते माझ्यावर. "शुभा, तुला काही अक्कल? आईचं वय काय, तिला काही झालं असतं तर?" तुम्ही मागे डोळे मिटून होतात. झोपलेल्या माणसाचे ओठ असे आवळलेले नसतात. मी एकटीने ओरडा खाल्ला. तुम्ही मला तेव्हाच सांगून टाकलंत म्हणायचं, पुढे काय वाढून ठेवलंय ते.

त्यानंतर आपण तो विषय काढला नाही. दुसरे पुष्कळ वाद झाले. तुम्ही आमच्याकडे कायमच्या या, हा मंदारचा धोशा, आणि तुमचं ठरलेलं उत्तर, तुमच्या त्या एल्बेत मोठाली जहाजं जातात, ती नदी नव्हे, हायवे आहे. ईशाशी मराठीत बोला म्हणून तुम्ही आमच्यावर चिडायचात आणि ती जर्मनमध्ये "या, आजी", म्हणजे हो आजी, म्हणाली की विरघळायचात. हे सगळं अर्धवट राहिलं. त्याचं मला काही वाटत नाही. ते वाद राहावेत म्हणूनच होते.

मग भाऊकाकांचा फोन आला. सकाळी उजाडत होतं. मंदारने घेतला. त्याच्या पाठीवरूनच मला कळलं. त्याने एवढंच म्हटलं, "मी निघतो. मी येईपर्यंत थांबा, काका." माझा पासपोर्ट नेमका आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, परदेशी लोकांच्या कचेरीत, अडकलेला, त्यामुळे मी जाणं शक्यच नव्हतं. तो बॅग भरत होता. तीनतीनदा तेच शर्ट काढत होता आणि ठेवत होता. मी कपाटाशी उभी राहून म्हटलं, "मंदार, आईंनी मला एकदा..."

"शुभा, मला आता फक्त तिला बघायचंय," तो म्हणाला.

मी बॅगेची चेन लावून दिली. विमानतळावर त्याला सोडलं, तो काचेपलीकडे गेला, एकदाही वळला नाही. तिथल्याच एका बाकावर बसून मी काकांना फोन लावला. कॉलिंग कार्डाचा नंबर दोनदा चुकला. शेजारी एक बाई ब्रेट्सेल खात होती, आणि तिला मराठी कळत नाही याचा मला आधार वाटला.

"सूनबाई, बर्फ सांगितलाय," काका म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत पोचेल ना तो?"

"काका, बर्फ परत पाठवा. आईंनी मला सांगून ठेवलंय. थांबायचं नाही. आजच, दिवे लागायच्या आत."

"मंदार काय म्हणतो?"

"तो विमानात बसला."

"म्हणजे त्याला विचारलेलं नाहीस."

"नाही."

"असं कसं करता येईल? एकुलता एक मुलगा आहे. लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

मला ते बोलायचं नव्हतं, आई. पण मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, "काका, बाबांच्या वेळी पावडर तुम्हीच लावली होतीत ना?"

पलीकडे घरातल्या माणसांचे आवाज लांब गेले, दार लोटल्यासारखं वाजलं. मग काका म्हणाले, "वहिनी बोलली तुला?"

"एकदाच."

"बरं," ते म्हणाले. "मी सांगतो सगळ्यांना. अग्नी मी देतो."

त्या दिवशी संध्याकाळी कृष्णेकाठी तुम्हाला निरोप दिला गेला, तेव्हा इथे दुपार होती आणि मी ईशाला शाळेतून आणायला गेले होते. वाटेत एका झाडाखाली उभी राहिले. छत्री होती, उघडली नाही. तुमचं काम झालं, एवढं मनात आलं, आणि मग एकदम लक्षात आलं की तुम्हीही संपलात. मंदार या क्षणी कुठल्यातरी देशावरून उडतो आहे आणि त्याला वाटतंय की तुम्ही त्याच्यासाठी थांबला आहात.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "शुभा, यांना कुणी सांगितलं?"

"मी. आईंची इच्छा होती, मंदार."

"का?"

मी विचारलं, "तू काही खाल्लंस का?" तो म्हणाला, "इथे नुसता दिवा आहे," आणि फोन ठेवला.

तो तेराव्यापर्यंत राहिला आणि परत आला. दाढी वाढलेली, डोक्यावर केस नाहीत. ईशा त्याच्या टाळूवरून हात फिरवत राहिली, ते त्याने करू दिलं. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? कारण सांगावं तर वचन मोडतं आणि बाबांचं ते झोपल्यासारखं तोंडही जातं त्याच्याकडून. न सांगावं तर मी नवऱ्याला आईचं तोंडही न बघू देणारी बायको. तुम्ही डोहातून अलगद पलीकडे गेलात, आई. मी मात्र मध्येच तंगड्या आपटत होते, आणि जॅकेटचा पट्टा धरायला कुणी नाही.

काल रविवार होता. ईशाने हट्ट केला म्हणून बंदरातल्या फेरीबोटीने निघालो. वरच्या डेकवर वारा बोचरा, माणसं कमी. ईशा कठड्याशी उभी राहून जहाजांवरची नावं वाचत होती. मध्येच वळून तिने मंदारला विचारलं, "पापा, वारुम झाग्स्ट डू निश्ट्स?" काही बोलत का नाहीस. तो तिच्याकडे बघून हसल्यासारखा झाला. ती परत जहाजांकडे वळली.

मग तो पाण्याकडे बघत बोलायला लागला. कुणाशी बोलतोय ते मला आधी कळलंच नाही.

"बाबांच्या वेळी मी पोचलो ना, तेव्हा मागच्या अंगणात दोरीवर आईच्या साड्या वाळत होत्या. सगळ्या. ती नेसायची त्यासुद्धा, लग्नकार्यातल्यासुद्धा. मला वाटलं, सुतकाचं म्हणून धुतल्या असतील."

मी ईशाकडे बघितलं, ती जहाजांत गुंग होती.

"आत गेलो. बूट काढले. पलंगापाशी गेलो तर फरशी ओली होती. माझे मोजे भिजले. बर्फासारखं गार पाणी. ओल्या मोज्यांनी मी बाबांना नमस्कार केला." तो थांबला. "बाबांच्या गालाला हात लावला तर बोटांना पावडर लागली. मी खिशात हात घालून पुसली. आई समोर उभी होती. मी म्हटलं, झोपल्यासारखे दिसतात. ती हो म्हणाली."

बोटीचं इंजिन धडधडत होतं. तुम्हाला दिलेल्या शब्दातलं एक अक्षरही माझ्या तोंडून गेलं नाही.

"म्हणूनच ना?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "जॉर्डनलाही तुम्ही दोघींनी मला असंच पुढे पाठवलं होतं." त्याने बाकाची कड धरली. "पण तिथे मी खाली उभा होतो, तर ती आली तरी."

मग तो रडला, आई. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. माझ्या खांद्यावर डोकं टाकून, ते नवे खुरटे केस माझ्या गालाला टोचत होते, आणि ईशा येऊन आमच्या दोघांच्या मध्ये शिरून उभी राहिली. उतरायचा धक्का आला तरी आम्ही उठलो नाही. बोट आम्हाला घेऊन परत फिरली.

तुमचं गुपित मी सांगितलं नाही. ते त्याच्यापाशी आधीपासूनच होतं. तुम्हाला कळू नये म्हणून तो ते जपत होता.